रिक्षातून फिरलेला खोकला

माझा आवाज नांदेडच्या निम्म्याअधिक लोकांनी ऐकलेला आहे आणि चेहरा फारसा कुणी पाहिलेला नाही. साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, उद्या नळाला पाणी येणार नाही, कोचिंग क्लासचा घवघवीत निकाल, हे सगळं रिक्षाच्या भोंग्यातून सांगत फिरणारा माणूस म्हणजे मी. रेशनच्या दुकानात मी नुसतं "साखर आली का?" असं विचारलं तरी रांगेतली माणसं वळून बघतात. त्यांना वाटतं, पुढे काहीतरी सवलत आहे.

रेकॉर्डिंगचं दुकान माझं एकट्याचं नाही. शाळेपासूनचा एक मित्र त्यात भागीदार आहे. त्यांच्या घरात आजोबांपासून लग्नकार्याला भोंगे आणि गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा धंदा होता. आता तो कॉम्प्युटरवर बसतो आणि मी माइकसमोर. आमची खोली त्याच्या घराच्या माडीवर आहे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून आम्ही तिची एकुलती एक खिडकी विटांनी बुजवली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, त्यावर जुन्या रजया ठोकल्या आणि दाराला रबराची पट्टी लावली. पंखा घरघरतो म्हणून तोही काढून टाकला. त्या खोलीत आलेला डास अर्ध्या तासात मलूल व्हायचा. आम्ही दोघं मात्र वर्षानुवर्षं तिथे गुडघ्याला गुडघा लावून बसत होतो आणि आलेल्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत होतो, "हवासुद्धा येत न्हाई आत."

त्या वर्षी पावसाळा सरत आला तसा मला खोकला लागला. खोकल्याचं कौतुक करायला मला वेळ नव्हता. सणाच्या जाहिराती होत्या. आईने हळद-दूध दिलं, बायकोने ज्येष्ठमध आणून दिलं, औषधाच्या दुकानदाराने एक लाल बाटली दिली आणि ती संपल्यावर हिरवी दिली. दरम्यान माझी पॅन्ट कमरेवरून घसरायला लागली. मला काही वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि वजन कमी करा असं सगळेच सांगत होते, त्यामुळे घरात आनंदीआनंद झाला. बायको शेजारणींना सांगायची, "यांनी मनावर घेतलं बरं का. भात सोडला." मी भात सोडला नव्हता, भूकच लागत नव्हती. पण लोक अभिनंदन करत असताना मध्येच असं काही बोलायचं जिवावर येतं.

अशात एके सकाळी जाहिरातींची कामं घेणारे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे क्षयरोगाच्या जनजागृतीचं काम होतं. रिक्षा जिल्ह्यात फिरणार होत्या, शेजारी लातूरलाही जाणार होत्या. त्यांनी मजकूर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सुरुवातीला एक खोकणारा माणूस पाहिजे. मग तुमचा आवाज. पण खोकला खरा वाटला पाहिजे हां. मागच्या वेळी एकाने केला, तर लोकांना वाटलं कुत्रं भुंकून राहिलं."

मी दाराचं रबर नीट दाबलं, माइकसमोर बसलो आणि सुरू केलं. "दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला? संध्याकाळी ताप? भूक मंदावली? वजन कमी झालं? रात्री घाम येतो? दुर्लक्ष करू नका..." 'करू नका'वर मला जी उबळ आली, ती थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. मित्राने रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला तर त्या गृहस्थांनी त्याचं मनगट धरलं.

"बंद करू नका! एकदम जिवंत हाय!"

मी सावरलो, शेवटी सवयीने "हंऽ" करून घसा साफ केला आणि पाणी प्यायलो. गृहस्थ भारावून गेले होते. "नाटकात होता का तुम्ही? तो शेवटचा हंऽ तर लई भारी. आणखी एकदा करा, जरा कफासकट." मी आणखी एकदा केलं. मला कष्ट पडले नाहीत.

ते गेले. मित्र कानाला हेडफोन लावून जोडाजोडी करत बसला. मग हेडफोन काढून माझ्याकडे वळला.

"यार, एक विचारू? तू जे वाचतोस ते तुला ऐकू येतं का?"

"म्हणजे?"

"गणपतीच्या सेलपासून मी तुझा खोकला कापून राहिलो. गणपतीत कापला, दसऱ्यात कापला, दिवाळीच्या फर्निचरमधून कापला. आता लग्नसराईचे बस्ते आले. पहिल्यांदाच कुणी पैसे देऊन तो ठेवायला सांगितला." त्याने परत तीच ओळ लावली. माझाच आवाज मला विचारू लागला, वजन कमी झालं? रात्री घाम येतो? मी पॅन्ट वर ओढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे बेडका तपासायला एक डबी दिली आणि सांगितलं की मोकळ्या हवेत जा, लोकांपासून लांब, आणि खोल श्वास घेऊन खोकून छातीतला बेडका आणा. इमारतीमागे कडुलिंबाच्या झाडाखाली माझ्यासारखीच काही माणसं डब्या घेऊन एकमेकांपासून अंतर ठेवून उभी होती. मीही उभा राहिलो आणि मला खोकला येईना. सणासुदीच्या जाहिराती ज्याने नासवल्या तो खोकला ऐन वेळी गायब. मी खूप प्रयत्न करून डबी नेऊन दिली. खिडकीतल्या बाईंनी ती उजेडात धरली आणि परत केली.

"ही थुंकी हाय. बेडका पाहिजे."

पुन्हा झाडाखाली. शेजारी मुंडासं बांधलेले एक म्हातारे उभे होते. ते म्हणाले, "कमरेवर हात ठेवा अन् वाका जरा." एक बाई लांबून म्हणाल्या, "गरम पाणी प्या की." मी वाकलो, पाणी प्यायलो, उड्या मारल्या. "येतच न्हाई हो," मी म्हणालो. त्यावर म्हातारे दचकले.

"तुम्ही सेलवाले का हो? दोनावर एक मोफत?"

मी हो म्हणालो, मला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच उबळ आली. डबी भरली.

क्षयच निघाला. फुप्फुसाचा. छातीच्या फोटोतही दिसत होता. डॉक्टर मॅडम तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी सांगितलं की औषध निदान सहा महिने चालेल, एकही दिवस चुकवायचं नाही, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं तर मुळीच नाही, नाहीतर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. साखरेच्या आजारात क्षय व्हायचा धोका वाढतो, तेव्हा साखरही आटोक्यात ठेवायची. सुरुवातीचे आठवडे कामावर जायचं नाही, तोंडाला मास्क लावायचा, खोकताना तोंड झाकायचं, हवेशीर जागेत बसायचं. औषध नीट लागू पडलं की पसरायचा धोका काही आठवड्यांत बराच उतरतो, पण ते तपासून त्या सांगतील, मी ठरवायचं नाही.

"आणखी एक," त्या म्हणाल्या, पण तेवढ्यात माझा फोन वाजला आणि ते 'आणखी एक' माझ्या डोक्यावरून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी नारिंगी झाली तेव्हा मी संडासातूनच बायकोला हाक मारून सांगितलं की माझ्याकडे आता फार वेळ नाही, लातूरहून पोरीला बोलावून घे. बायकोने बाहेरून औषधाच्या पाकिटातला कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, लिहिलंय की यात. गोळ्यांचा रंग हाय. या बाहेर, चहा गार होऊन राहिला."

पोरगी लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला होती, हॉस्टेलवर राहत होती. तिला काही कळू द्यायचं नाही, अभ्यासात बाधा येईल, असं आईने ठरवलं. गल्लीत तर मुळीच नाही. शेजारच्या काकूंनी "दिसत नाहीत तुमचे साहेब" असं विचारल्यावर आई पटकन म्हणाली, "हैदराबादला गेलाय. मोठं काम मिळालं आवाजाचं." मी तेव्हा आतल्या खोलीत, मास्क लावून, दोन भिंतींपलीकडे बसलेलो होतो.

आईने माझं ताट, वाटी, पेला वेगळा केला. नातीच्या नखपॉलिशने त्यावर लाल खूण केली. पेला ती चिमट्याने धरून उकळायची. माझा टॉवेल लांब गच्चीवर. आणि एवढं सगळं करून ती माझ्या खोलीची खिडकी घट्ट लावायची, कारण मला वारा लागू नये, आणि जप करत संध्याकाळभर माझ्या उशाशी बसून राहायची. मी म्हणायचो, "आई, मॅडम म्हणाल्या खिडकी उघडी ठेवा." ती म्हणायची, "त्यांना काय जातंय म्हणायला. तुझ्या छातीला वारा लागला तर त्या येणार हायेत का?"

पहिल्या आठवड्यातच रिक्षा आमच्या गल्लीत आली. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. भोंग्यातून आधी माझा खोकला आला, मग "हंऽ", मग मी. चौकात रिक्षा थांबली आणि लोक ऐकायला उभे राहिले. शेजारच्या काकू तडक आमच्याकडे आल्या आणि आईला म्हणाल्या, "अगं बाई, काय खोकलाय तुमचा मुलगा! अंगावर काटा आला. हैदराबादवाल्यांनी उगाच नाही नेला." आई ओटीवर उभी राहून पदराने डोळे टिपू लागली. काकूंना वाटलं अभिमानाने. आत मला खरी उबळ आली. मी उशीत तोंड खुपसलं. बाहेर काकू म्हणाल्या, "आली वाटतं रिक्षा परत."

त्यानंतर ती रिक्षा रोज यायची. लहान मुलं माझ्या खोकल्याची नक्कल करायची, शेवटच्या 'हंऽ'सकट. काकूंनी हैदराबादची उस्मानिया बिस्किटं मागितली होती. मित्राने गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या बेकरीतून ती आणून दिली, आईने पिशवी बदलून काकूंना दिली. काकूंनी चहात बुडवून खाल्ली आणि म्हणाल्या, "चवच वेगळी हो तिकडची. आपल्याकडे नाही मिळत अशी."

मग लातूरहून फोन आला. पोरगी क्लासमधून रस्त्याने हॉस्टेलला चालली होती. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"पप्पा, तुम्हाला टीबी झालाय का?"

मी म्हणालो, "कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं. आत्ता रिक्षा गेली इथून. मैत्रिणी हसत होत्या, मी थांबले. पप्पा, तुम्ही खोटं खोकता तेव्हा मोकळे खोकता. हा गुदमरलेला, तुमचा खरा होता. घरी दिवाळीत असाच होता."

मग तिचा आवाज चढला. "मी डॉक्टर व्हायला आले इथं. अन् तुम्ही सगळे मिळून मला आजाराचं नाव कळू देत न्हाई! दिवाळीत मी महिनाभर तुमच्याजवळ होते. मलासुद्धा तपासायला पाहिजे ना?"

ते आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अभ्यासात बाधा नको म्हणून आम्ही तिला तपासणीपासूनच लांब ठेवलं होतं. ती फोन ठेवून लातूरच्या दवाखान्यात स्वतः गेली. आम्ही नांदेडच्या मॅडमकडे गेलो, आई, बायको, मित्र, झाडून सगळे.

आईने मॅडमच्या टेबलावर बाही वर करून दंड ठेवला. "लहानपणीचा लशीचा वण हाय ह्यालाही, मलाही. मग झालाच कसा?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, ती लस लहान मुलांना गंभीर क्षयापासून वाचवते. मोठेपणी ती पुरी पडत नाही."

"मी ताटवाटी वेगळी केलीये. उकळून घेते."

"ताटातून नाही पसरत हा. पेल्यातून नाही, टॉवेलातून नाही, हात धरल्याने नाही. खोकताना, शिंकताना, बोलताना जंतू हवेत जातात आणि कोंदट खोलीत तिथेच तरंगत राहतात. खिडकी उघडी ठेवता ना?"

आईने नाही म्हणून मान हलवली. मग तिने जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तिची थोरली बहीण बिलोलीकडच्या त्यांच्या गावी अशीच आजारी पडली होती. तिला गोठ्यात ठेवलं होतं, तिचं ताट दाराबाहेरच्या दगडावर वाढायचे. आई लहान होती. तिला जवळ जायची बंदी होती. "ती मला लांबून हाक मारायची," आई म्हणाली. "मी ताटाकडं बघायचे, तिच्याकडं न्हाई." बहीण गेली, आणि ताट कुणीतरी विहिरीत टाकलं. एवढं सांगून आईने बाही खाली केली आणि मॅडमना विचारलं, "म्हणजे तिच्या ताटाला हात लावला असता तरी मला काही झालं नसतं?"

मॅडम म्हणाल्या, "ताटाने नसतं झालं, आजी."

कुणालाही क्षय नव्हता, पोरीलाही नाही. पण जवळच्या लोकांच्या शरीरात जंतू झोपून असू शकतात, पुढे कधी उठू नयेत म्हणून मॅडमनी घरच्यांना आणि मित्रालाही प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या. हे मित्राच्या पचनी पडलं नाही. तो सगळ्यांना सांगत फिरायचा, "मला काहीच झालेलं न्हाई, त्याची दवा चालू हाय." लोक विचारायचे, मग फरक आहे का? तो गंभीरपणे म्हणायचा, "हाव, अजून काहीच झालं न्हाई."

त्या दिवशी घरी आल्यावर मी मास्क लावून ओट्याच्या टोकाला उभा राहिलो आणि शेजारच्या काकूंना सांगून टाकलं की मी हैदराबादला गेलोच नव्हतो, मला क्षय झालाय, औषध चालू आहे आणि रिक्षातला खोकला खरा आहे. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता दार लावून घेतील.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "ती बिस्किटं इथलीच होती?"

काही दिवस त्यांनी अबोला धरला. तो बिस्किटांमुळे होता. नंतर त्या स्वतःच्या भावाला घेऊन दवाखान्यात जाऊन आल्या, त्यालाही खोकला होता म्हणून. त्याचा निघाला दमा.

आईचं मात्र आता दुसऱ्या टोकाला गेलं. खुणेचं ताट तिने घासून स्वतःच वापरायला घेतलं आणि खिडक्यांच्या मागे लागली. घरातल्या उघडल्या, मग काकूंच्या. भर थंडीत गल्लीतल्या बायका तिला बघून आधीच आपली दारं सताड उघडायच्या. साड्यांच्या मोठ्या दुकानात तिने एसी बंद करून काच सरकवायला लावली. ती काच सरकणारी नव्हती. दुकानदार हात जोडून म्हणाला, "मावशी, ही भिंत आहे." अर्धापूरला एका केळीवाल्या नातेवाइकाच्या साखरपुड्यात तिने हॉलच्या मागचा पडदा काढायला लावला, तर पलीकडे आचारी धोतर बदलत होता.

मॅडमनी कामाला परवानगी दिली तेव्हा मी आणि मित्राने माडीवरच्या खोलीचा विषय काढला. ती खिडकी फोडल्याशिवाय आई आम्हाला तिथे बसू देणार नव्हती. गवंडी आला, विटा काढल्या. आत उजेड आला तेव्हा कळलं की रजया मूळच्या निळ्या होत्या. आता आमच्या जाहिरातींत मागे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या येतात, बोकड ओरडतो, कधी अजान, कधी भांड्यांवर नाव घालणाऱ्याची टकटक. एका सोनाराने तक्रार केली की त्याच्या मंगळसूत्राच्या जाहिरातीत बोकड आहे. मित्राने त्याला शांतपणे सांगितलं, "हवेशीर रेकॉर्डिंग हाय साहेब." दुपारी बोकड झोपतो, तेव्हा आम्ही महत्त्वाची कामं करतो.

औषधं संपली, तपासण्या झाल्या, मॅडमनी बरा झालो असं सांगितलं. वजन परत आलं. बायकोने शेजारणींना काही सांगितलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी किनवटकडच्या एका निवासी शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं आणि सूत्रसंचालनासाठी मला बोलावलं होतं. रेल्वेने गेलो. मुलींच्या हॉस्टेलची लांब खोली, एकमेकींना लागून पलंग, आणि सगळ्या खिडक्या तारेने आवळून बंद. बाहेर छान वारा होता, आत घामाचा आणि ओल्या कपड्यांचा वास. मी अधीक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, "माकडं येतात हो. मागे एकाने गणिताची वही नेली. एकाने अधीक्षकांचा चष्मा."

"म्हणजे तुमचा?"

"माझ्या आधीच्या अधीक्षकांचा. ते बदली मागून गेले."

मी माइक हातात घेतला आणि ठरलेलं स्वागत सोडून खिडक्यांविषयीच बोलत सुटलो. माझी बंद खोली, मी, मित्र, लाल खुणेचं ताट, सगळं सांगितलं. मुली खूप हसल्या. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मला पाणी दिलं आणि अधीक्षकांना बाजूला घेऊन गेले.

पुन्हा तिकडे जाणं झालं ते पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर. खिडक्यांना मजबूत जाळी बसवलेली होती आणि तावदानं उघडी होती. आत वारा खेळत होता. मुली पलंगांवर मांडी घालून परीक्षेचा अभ्यास करत होत्या. जाळीला पलीकडून धरून एक मोठी वानरीण पिलाला पोटाशी घेऊन बसली होती आणि एकटक आत बघत होती.

"ही रोज येते," खिडकीजवळची मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "इतिहासाच्या वेळी. विज्ञानाला थांबत न्हाई."